बेसिनात ओतलेलं दूध

“गाय बघा आजोबा. मुकं जनावर, पण वासराला पाजते. तुमच्या मुलीला तेवढंही कळू नये?”

सकाळची वेळ. दवाखान्याच्या व्हरांड्यात ही गर्दी. बाकड्यांवर नातेवाईक, पिशव्या, जेवणाचे डबे, चहाचे कागदी कप. त्या सगळ्यांसमोर ही बाई मला हे म्हणाली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला तिचा फोटो. नव्या आयांना दूध पाजण्याबद्दल समजावून सांगायला दवाखान्यानं ठेवलेली बाई. समुपदेशक म्हणतात तिला. तिच्या दारावरची पाटी मी अक्षर अक्षर लावून वाचली होती.

ती बोलायला आली म्हणून मी बाकड्यावरून उठलो होतो. उभ्यानंच ऐकून घेतलं. शेजारचा एक जण हसला. दाबून हसला, पण हसला.

“तुम्ही वडील ना तिचे? मग दोन शब्द सुनावा तिला,” बाई म्हणाली. “आम्ही सांगून सांगून थकलो. हा दवाखाना आहे, तुमची वस्ती नाही. असले हट्ट इथं चालत नाहीत.”

आणि गेली.

वस्तीत माझ्या तोंडी लागायला माणसं घाबरतात. सत्तरी उलटली तरी अरेला कारे करणारा माणूस मी. आणि इथं मान खाली घालून उभा होतो. कारण आत काचेच्या पेटीत माझी नात होती. आपलं माणूस त्यांच्या हातात असलं की आपण सगळं ऐकून घेतो. बाईला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं आवाज खाली केला नव्हता.

आम्ही कोण ते आधी सांगतो.

बिबवेवाडीला वरच्या अंगाला आमची वस्ती. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचा जन्म गटारात गेला. शोभेसाठी म्हणत नाही, खरंच गेला. मी ड्रेनेजच्या कामावर होतो. चेंबरचं झाकण काढायचं, आत उतरायचं, तुंबलेलं मोकळं करायचं. कधी बांबूनं, कधी हातानं. पेठांमधलं काढलं, खडकीच्या क्वार्टरांतलं काढलं, बंगल्यांमधलं काढलं. खडकवासल्याचं पाणी नळाला येतं तोवर ते शहराचं असतं. एकदा वापरून झालं की ते माझं.

मंगल माझी एकुलती एक मुलगी. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. जावई चाकणला कारखान्यात कंत्राटावर. एक दांडी मारली की त्याच्या जागी दुसरा उभा. विहीणबाई गावाकडं अंथरुणाला खिळलेल्या. मग बाळंतिणीपाशी कोण? मी. बायकांचं काम म्हाताऱ्याच्या गळ्यात आलं. आलं तर आलं. डिंकाचे लाडू मला वळता येतात, अळिवाची खीर येते. लाज कसली त्यात.

मंगलला सातव्यातच कळा आल्या. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. माझ्या ओंजळीत मावली असती एवढी. कातडी लाल, पातळ, आतल्या शिरा दिसत होत्या. तिला पेटीत ठेवलं आणि नाकातून नळी घातली. ओढून प्यायचं बळ तिच्या अंगात नव्हतं. आईनं वाटीत दूध पिळायचं, सिस्टरनं ते नळीतून सोडायचं, अशी तिथली पद्धत.

दूध काढायची एक खोली होती. दाराला पडदा. आत बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीच्या हातात स्टीलची वाटी. मी बाहेर बाकड्यावर. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

“बाळ कच्चं, तर दूधबी कच्चंच असंल ना गं?”

“माझी सासू म्हणते, पहिला चीक पिळून टाक. एवढ्याशा जिवाला जड जातो.”

“सगळ्यांदेखत वाटीत काढायचं. दृष्ट नाही का लागणार?”

“लागते तर! मी ओढणीखाली काढते.”

“आणि रडत रडत काढलं तर ते बाळाला बाधतं म्हणे.”

“मग बाई, इथं कुणाचंच चालायचं नाही.”

यावर सगळ्या हसल्या. हसता हसता एक रडायला लागली. तेही ऐकू आलं.

मंगलच्या मनातही हे सगळं होतं. का नसणार? आई होती तेव्हा तिनं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, मावशीनं सांगितलं. पण वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिच्या खाटेवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुझं दूध कच्चं नाही, आणि हा चीक तर तुझ्या बाळाचं औषध आहे. पोरीनं ऐकलं. पहिल्यांदा पिवळे थेंब निघाले, वाटीच्या तळाला चिकटतील एवढेच. एका हातानं पोटावरचे टाके दाबून, दुसऱ्या हातात ती वाटी धरून ती पेट्यांच्या खोलीपर्यंत चालत गेली. मी मागं मागं. रस्त्यात कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

ती हट्टी नव्हती. हे लक्षात ठेवा.

मग दूध वाढलं. नात प्यायची थेंब थेंब, वाटीत मागं उरायला लागलं. मंगलच्या तोंडावर जरा रंग आला. आणि अचानक तिनं दूध काढणं बंद केलं. “येत नाही,” म्हणाली. खोलीत जाऊन बसायची आणि रिकामी वाटी घेऊन परत यायची. मग जाणंही सोडलं.

नातीला पावडरचं दूध सुरू झालं. तिचं पोट फुगलं. एवढंसं पोट, ताणून चकचकीत झालं. पावडर बंद केली, सलाईन लावलं. काही दवाखान्यांत दुसऱ्या आयांचं दूध साठवून ठेवतात म्हणे. इथं ती सोय नव्हती. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “आजोबा, आता हिला आईचंच दूध पाहिजे. दुसरं काही द्यायची माझी हिंमत नाही.”

त्यांच्या मागं शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “मदर नॉन-कोऑपरेटिव्ह आहे.”

मी सिस्टरला अर्थ विचारला.

“ऐकत नाही ती,” सिस्टर म्हणाली.

ऐकत नाही. अहो, तिला सांगितलं सगळ्यांनी. विचारलं कुणी? का गं बाई, काय झालं? एवढं एक वाक्य. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या तोंडात मावलं नाही.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाईचं बोलणं.

मी तसाच मंगलच्या खाटेपाशी गेलो. रागातच गेलो. सुनावायचे दोन शब्द तोंडात तयार होते. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंग तापलेलं. खांद्यापाशी पांढरी गाठ दिसली. मला आधी कळेना. मग कळलं. पोरीनं छातीला फडकं आवळून बांधलं होतं. आणि फडकं ओलं होतं.

येत होतं दूध. ती बांधून ठेवत होती.

बापानं असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. पण आई नाही. मी खाटेच्या कडेला बसलो. म्हटलं, “मंगल, मला तुझी आई समज. काय झालंय?”

तिनं तोंड वळवलं नाही. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलली.

“अण्णा, त्यांनी उरलेलं बेसिनात ओतलं. माझ्यादेखत. वरून नळ सोडला.”

“बरं. मग?”

“आई सांगायची ना. अंगावरचं दूध मोरीत, गटारात जाऊ द्यायचं नाही. आटतं. तुळशीला घालायचं, नाहीतर झाडाच्या बुडाला. त्यांनी ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कमीच झालं. खरंच झालं, अण्णा. वाटीचा तळ झाकेना. आता आहे तेवढं राखून ठेवलंय. पुन्हा ओतलं तर साफ आटेल. मग ती घरी आल्यावर काय पाजू?”

ऐकलंत? ज्या पोरीला सगळा दवाखाना म्हणत होता ही बाळाला दूध देत नाही, ती बाळासाठी दूध राखून ठेवत होती. ताप अंगावर काढून. दात आवळून. चूक केली तिनं. पेटीतलं लेकरू आज उपाशी आणि ही उद्याची शिदोरी बांधून बसली. पण आईनंच केलेली चूक होती ती. दगडानं केलेली नव्हती.

“सिस्टरला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. ओतू नका म्हटलं. तर म्हणाली, अडाणीपणा घरी ठेवून यायचा. सगळ्या बायकांसमोर.”

मी ते दोन शब्द गिळले.

माझं विचाराल तर मी हे मानत नाही. चेंबरमध्ये मी काय पाहिलं नाही? लग्नातलं वाया गेलेलं जेवण पाहिलं, तूप पाहिलं, हारफुलं पाहिली, देवांच्या तसबिरी पाहिल्या. ज्यांनी ओतलं त्यांचं काही आटलेलं मला तरी दिसलं नाही. पण ते बेसिन कुठं जातं हे मला ठाऊक आहे. बेसिनाखाली पाइप, पाइपाखाली चेंबर, चेंबरातून मोठी लाइन. त्या लाइनीत मी गळ्याइतक्या घाणीत उभा राहिलोय. तिथून वर आलो की बंगल्यातल्या बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, “लांब थांब.” तिथं माझ्या पोरीचं दूध गेलं. टाके दाबून काढलेलं. मी ज्यातून आयुष्यभर घरी यायचो आणि दोन दोन वेळा अंघोळ करूनच तिला उचलून घ्यायचो, त्यात.

तिचं दूध कशानं आटलं ते डॉक्टर जाणोत. मला एवढंच दिसतंय की ते ओतताना त्या सिस्टरनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर हात थांबला असता.

दुपारी मी दूध काढायच्या खोलीपाशी गेलो. नीट बोललो. हातही जोडले.

“सिस्टर, वाटीत उरेल ते आम्हाला द्या. मी झाडाला घालतो. बाकी आमचं काही म्हणणं नाही.”

“हे देवघर वाटलं का तुम्हाला?”

“नाही. म्हणून तर बाहेर नेतो म्हटलं.”

“आजोबा, इन्फेक्शन म्हणजे काय कळतं का? उघडं दूध असं कुणाच्या हातात देत नाहीत. नियम आहे. आणि बायकांच्या खोलीपाशी काय करताय तुम्ही? वॉचमन!”

वॉचमन आला. आमच्याच वस्तीच्या खालच्या गल्लीतला. मला ओळखून अनोळखी झाला. दंडाला धरलं.

“चला काका. लांब थांबा.”

चाळीस वर्षांत एवढी सुधारणा झाली. थांबचं थांबा झालं.

संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. दाराच्या दोन्ही अंगांना मोठ्या कुंड्या आहेत. माझ्याच वयाची एक बाई खाली आली. काठापदराची साडी, कानात कुड्या. मी तिला रोज बघायचो. तिच्या लेकीचं बाळ माझ्या नातीच्या शेजारच्या पेटीत. लेक कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सिस्टर लेकीला मॅडम म्हणायच्या. तिच्या हातात एक छोटी झाकणाची स्टीलची डबी होती. तिनं झाकण काढलं, कुंडीतल्या झाडाच्या बुडाशी ओतलं. बाटलीतलं पाणी घेऊन डबी विसळली, तेही तिथंच घातलं. डोळे मिटून हात जोडले. तोच वॉचमन पुढं झाला. “सावकाश हं आजी, पायरी आहे.”

मी उठलो. “बाई, काय घातलंत हो कुंडीत?”

“लेकीचं उरलेलं दूध. मोरीत जाऊ द्यायचं नसतं ना. सिस्टर रोज डबीत भरून देतात. चांगल्या आहेत हो इथल्या सगळ्या.”

“आमच्याकडंही तसंच असतं,” मी म्हणालो.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अगंबाई! तुमच्यातही असतं का हे?”

वाईट मनानं म्हणाली नाही. खरोखर नवल वाटलं तिला. ते जास्त लागलं. तुमच्यात म्हणजे कुणात, हे तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावरच्या कपड्यांनी सांगितलं असेल. नाहीतर माझ्या हातांनी.

मी पायरीवर परत बसलो आणि मला सगळं लख्ख दिसलं. इन्फेक्शन नव्हतं. नियमही नव्हता. खोली तीच, सिस्टर तीच, समजूतही तीच. त्यांची असली की पद्धत. आमची असली की अडाणीपणा. त्यांना डबी, आम्हाला बेसिन. आणि वर गाय.

आयुष्यभर मला वाटायचं, आपल्याला कमी कळतं म्हणून हे लोक असं बोलतात. शिकलो असतो तर बोलले नसते. खोटं आहे. त्या कुड्यांवाल्या बाईला माझ्या मंगलपेक्षा तसूभर जास्त कळत नव्हतं या बाबतीत. तिला कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांच्या खोलीबाहेर सगळे नातेवाईक जमले. डॉक्टरीणबाई तिथं एकेकाला बाळाची तब्येत सांगतात. मागं शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक बाई. माझा नंबर आला.

“काय आजोबा, समजावलंत का मुलीला?”

“नाही. आणि समजावणारही नाही.”

समुपदेशक बाईंनी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं, पाहा, मी सांगत नव्हते का, अशा नजरेनं.

मी म्हणालो, “तिचं उरलेलं दूध तिच्यासमोर बेसिनात ओतलं. तेव्हापासून तिनं छाती बांधून ठेवलीय. पुन्हा ओताल, मग साफ आटेल, म्हणून. बाळ घरी येईल तेव्हासाठी राखतेय ती.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, “अहो आजोबा, गटारात गेल्यानं दूध आटत नाही.”

“मला माहीत आहे. मी गटारातच होतो.”

“मग?”

“मग त्या मॅडमच्या आईला डबी कोण देतं?”

कुड्यांवाली बाई तिथंच उभी होती. तिनं पर्स छातीशी धरली. सिस्टर म्हणाली, “ती त्यांची पद्धत आहे, मॅडम. त्यांनी रिक्वेस्ट केली होती.”

“आणि मी काय केलं होतं?” मी विचारलं. “मी हात जोडले होते. तुम्ही वॉचमन बोलावलात.”

मागून एक पोरगी बोलली. विदर्भातली, नवरा मजुरीला आलेला, तिचंही बाळ आत. “माझंबी ओतलं जी. म्या भेवानं काही बोलली नाही.”

मग आणखी एक बोलली. मग तिसरी. पडद्याआड बसणाऱ्या त्याच सगळ्या.

डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणाल्या, “ज्या आईला पाहिजे तिला डबी द्या. आजपासून. एवढी साधी गोष्ट आहे ही.” माझ्याकडं वळून म्हणाल्या, “झालं ना आजोबा?”

“नाही झालं,” मी म्हणालो. “माझ्या मुलीला गाय म्हणाल्या या बाई. गाय बरी म्हणाल्या. एवढ्या माणसांत.”

समुपदेशक बाईंचं तोंड लाल झालं. “मी फक्त उदाहरण दिलं होतं, मॅडम.”

“मग ते उदाहरण परत घ्या. जिथं दिलंत तिथंच. व्हरांड्यात.”

“आजोबा, पुढच्या नातेवाइकांना बोलायचंय,” शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

आणि ते पुढं गेले.

डॉक्टरीणबाई मागाहून एकट्या मंगलकडं गेल्या. पडदा ओढून बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा ते फडकं मंगलच्या हातात होतं. सोडलेलं. त्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. तेवढं सगळं नातीला गेलं. डबीत घालायला काही उरलंच नाही. डबी मात्र मी मागून घेतली. रिकामी. हातात धरून व्हरांड्यातून चाललो.

हे सांगतोय तेव्हा नात अजून पेटीतच आहे. पोट उतरलंय, पण डॉक्टर पुढचं काही बोलत नाहीत. मंगलचं दूध पहिल्यासारखं आलेलं नाही. कधी येतं, कधी ती वाटीकडं बघत बसते. जे गेलं ते गेलं. कुणी भरून देणार नाही. ते दिवस नातीच्या अंगातून गेलेत, ते कुठल्या डबीत मिळायचे?

ज्या दिवशी वाटीत काही उरतं, ते मी संध्याकाळी कुंडीत घालतो. मी मानत नाही, तरी घालतो. दाराशीच, वॉचमनच्या समोर, सावकाश. हसायचं असेल त्यानं समोर येऊन हसावं.

समुपदेशक बाईंनी शब्द परत घेतलेला नाही. मला बघितलं की त्या दुसऱ्या जिन्यानं जातात. मी तो जिना शोधून काढला. आता सकाळी तिथल्या बाकड्यावर बसतो. बाई येते. मी उठत नाही. बसल्या जागेवरून एवढंच म्हणतो, “बाई, माझ्या मुलीचं नाव मंगल आहे.”

काल तिनं न थांबता मान हलवली. मान हलवून भागणार नाही. नात घरी गेली तरी मी या बाकड्यावर येणार आहे. आणि देव न करो, नाही गेली, तरी येणार आहे.